पाना शुक्रवारपर्यंत बंद

सोमवारी सकाळी खोकी आली आणि भिंगरीच्या हातांना खाज सुटली.

दोन खोकी. लांबट खोक्यात जीपचे चार नवे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, जुन्यांपेक्षा जास्त कमानीच्या. दुसऱ्यात चार लांब शॉकॲब्सॉर्बर, आठ यू-बोल्ट, त्यांचे सोळा नट, मागच्या ब्रेकच्या नळीसाठी एक लोखंडी पट्टी आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांचा कागद. हे सगळं जीपखाली चढवलं की तिचं पोट जमिनीपासून तीन इंच वर जाणार. तीन इंच म्हणजे किती, तर आडवी चार बोटं. पण त्या चार बोटांवर वरच्या वस्तीतल्या सहा माणसांचा जीव टांगलेला होता.

त्या सहा जणांची मूत्रपिंडं कामातून गेलेली. दर बुधवारी आणि शनिवारी त्यांना नाल्यापलीकडच्या दवाखान्यात न्यायचं, चार-चार तास मशीनला जोडून रक्त धुऊन घ्यायचं आणि परत आणायचं. जीप दवाखान्याची, चालवणारी भिंगरीची थोरली बहीण अक्का, आणि दुरुस्त करणारा भिंगरी. आजवर पुलावरून जाणं-येणं होतं. आता शनिवारपासून पूल दोन महिने बंद. चार वर्षं त्याच्या कठड्याचे दात पडत होते तेव्हा कुणाच्या नजरेस पडलं नाही. आता एकदम जाग आली आणि खांबावर कागद डकवला: पर्यायी मार्ग नाल्यातून. पर्यायी मार्ग म्हणे! नाल्यातून मार्ग असता तर बापजाद्यांना पूल बांधायची हौस आली होती का? नाला कोरडा होता, पण तळाला गुडघ्याएवढे धोंडे. जीप दोनदा घालून बघितली होती. दोन्ही वेळा पोट धोंड्यावर टेकलं आणि चाकं उताण्या झुरळाच्या पायांसारखी नुसतीच फिरत राहिली.

म्हणून अक्का दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसली. अकरा दिवस बसली. साहेब आत जाताना उठली नाही, बाहेर येताना उठली नाही. बाराव्या दिवशी खोकी मागवल्याचा कागद तिच्या हातात पडला. ती चार बोटं कुणी दान दिलेली नव्हती.

भिंगरीनं सुरीनं पट्ट्या कापल्या, एक पाटा उचलून उजेडात धरला, त्याची कमान डोळ्यानं मापली आणि पाना घ्यायला भिंतीकडे वळला. भिंतीवर खिळे होते. खिळ्यांखाली त्यानंच रंगानं काढलेल्या पान्यांच्या आकृत्या होत्या. पाने नव्हते.

"शोधू नकोस," दारातून अक्का म्हणाली. "माझ्याकडे आहेत. कुलपात."

"अक्का, चेष्टा पुरे. शनिवारी गाडी लागणार आहे."

"शुक्रवारी सकाळी देईन. तोवर मोज, घास, तेल घाल, तो कागद वाच. नटाला हात लावायचा नाही."

"अगं, एका दिवसाचं काम आहे! आत्ता हात घातला तर संध्याकाळी गाडी उभी करून दाखवतो."

"मागच्या वेळी हेच बोलला होतास. शब्दन् शब्द."

भिंगरी गप्प झाला. त्याला गप्प करायचं तर या जगात हे एकच वाक्य होतं.

एरवी तो गप्प बसणारा नव्हता. बसणारा तर मुळीच नव्हता. शाळेत बाकावर ठरेना म्हणून मास्तरांनी नाव ठेवलं भिंगरी, ते पुढं आईसुद्धा हाक मारताना वापरायला लागली. चौथीनंतर शाळेनं त्याला सोडलं की त्यानं शाळेला, यावर घरात दोन मतं होती. पण इंजिन नुसतं ऐकून तो कुठला सिलिंडर रुसलाय ते सांगायचा. बायकोनं ताट वाढलं तर उभ्यानं जेवायचा, लग्नाच्या फोटोतही त्याचं तोंड हललेलं आलंय. ज्या कामाला दुसऱ्याला दोन दिवस, त्याला भिंगरी एक दिवस लावायचा, आणि या गोष्टीचा त्याला इतका गर्व होता की तो मिशीला नाही, घड्याळाला पीळ भरायचा.

मागची वेळ म्हणजे दोन वर्षांपूर्वीची. गाडी अक्काच्या नवऱ्याची, दाजींची. खाणीवर पाण्याची टाकी न्यायचे ते. भिंगरीनं सकाळी गाडी घेतली आणि चार वाजता उंच करून दारात लावली. लोक बघायला आले, पाठ थोपटून गेले. दहाव्या दिवशी खाणीच्या उतारावर पुढच्या डाव्या चाकाची ब्रेकची रबरी नळी तुटली. पायाखालचा ब्रेक जमिनीला टेकला आणि गाडी दरडीवर. दाजींचा पाय तीन ठिकाणी मोडला. तेव्हापासून हातात काठी.

नळी जुनी होती, असं सगळे म्हणाले. भिंगरीला ठाऊक होतं, नळी तोकडी पडली. फक्त कशी तोकडी पडली, हे त्याला कळलेलं नव्हतं. गाडी जमिनीवर उभी असताना त्यानं बघितली होती, चांगली सैल होती. ज्याला विचारायचं तो माणूस तर रोज गॅरेजच्या बाकावर येऊन बसायचा, चहा प्यायचा, जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायचा. तो एक विषय सोडून.

"काय मेव्हणे," अक्का गेल्यावर दाजी बाकावरून म्हणाले, "हत्यारं जप्त? आता खडू-पाटी घेऊन बसा. चौथीत राहिलेला अभ्यास पुरा होईल."

भिंगरीनं खडू घेतला. न घेऊन करतो काय?

मंगळवारी त्यानं मापं घेतली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत, चारी कोपऱ्यांवर. तो आकडे ओरडायचा, दाजी काठी टेकत फिरून मडगार्डवर लिहायचे. पुढं उजवीकडे साडेअठरा इंच, डावीकडे सव्वाअठरा. दोन सुतांचा फरक.

"डावा पाटा बसलाय," भिंगरी म्हणाला. "कळलं. झालं."

"जमीन बघितली का?"

"दाजी, जमीन मी ओतलीय. माझ्या हातानं."

"म्हणूनच विचारतोय."

त्यानं रागारागानं पारदर्शक नळीत पाणी भरलं आणि गवंडी धरतात तशी दोन टोकं धरून लादी तपासली. लादी डावीकडे उतरती निघाली. वीस वर्षं या लादीवर तो गाड्यांना वाकडं म्हणत आला होता. दाजी हसले नाहीत, त्यामुळं त्याला जास्तच झोंबलं. जीप ढकलून त्यानं सपाट जागी नेली आणि मापं पुन्हा घेतली. फरक एक सूत उरला. मग सोळाही जुन्या नटांवरचा चिखल तारेच्या ब्रशनं खरवडला, गंज सोडवायचं तेल घातलं, अकरा वाजता घातलं, बाराला बघितलं, साडेबाराला पुन्हा बघितलं.

"अंडी घातलीत का त्यांनी?" दाजी म्हणाले. "सारखं उचलून काय बघता?"

बुधवारी सकाळी अक्का सहाही जणांना घेऊन थेट गॅरेजात आली. दवाखान्याला जायच्या वाटेवरच.

"रिकामी गाडी मोजलीस ना? मी कधी रिकामी नेते का? ही माणसं बसवून मोज."

प्रत्येकाची जागा ठरलेली होती आणि ती बदलायला कुणी तयार नसायचं. निवृत्त हेडमास्तर मागं डावीकडे खिडकीशी, त्यांच्यासमोर शिंपीणबाई, बाकीचे चौघे आपापल्या कोपऱ्यात. सुजलेले पाय, जाड चपला, मांडीवर डबे. भिंगरी टेप घेऊन चाकाशी बसला. मागचा डावा कोपरा चांगला दीड इंच खाली गेला.

"हेडमास्तर, जरा उजवीकडे सरका बघू."

"का? माझं वजन मडगार्डवर लिहिणार आहेस का?"

"सर, दोन दिवस पाणी अंगात साठलंय तुमच्या," शिंपीणबाई म्हणाल्या. "येताना मोजायला सांगा, कमी भराल."

सगळे हसले. भिंगरीही हसला, आणि हसता हसता त्याच्या लक्षात आलं की ही माणसं जाताना जड असतात आणि येताना हलकी. आणि येताना त्यांना मानही धरवत नाही. धोंड्यावर गाडी आपटली तर त्यांना सावरायला हात नसतो. त्यानं माप दोनदा घेतलं. न सांगता.

गुरुवार म्हणजे शिक्षाच. मोजून झालं होतं, घासून झालं होतं. त्यानं कागद वाचला, चष्मा लावून, बोट ठेवून, प्रत्येक चित्र जीपखाली जाऊन खऱ्या जागेशी ताडून. मागच्या नळीची पट्टी कुठं बसते ते कळलं. पुढच्या नळ्यांबद्दल एकच ओळ होती: पुरेशा लांब आहेत याची खात्री करावी. खात्री करावी! लिहिणाऱ्याच्या बापाचं काय जातं? मग त्यानं शेगडा झाडला, भात्याचं कातडं बदललं, खिळ्यांवर नसलेल्या पान्यांच्या आकृत्या नव्यानं रंगवल्या. दुपारी रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे दोष मोठ्यानं सांगायला लागला, तेव्हा बायकोनं आतून हाक मारली, "अहो, आत या, लोक मारतील!"

शुक्रवारी सकाळी अक्कानं पान्यांची पिशवी बाकावर ठेवली. "घे बाबा. पण कागदावरचं सगळं झालंय ना?"

"एकच राहिलंय. दहा मिनिटं."

त्यानं जॅकनं चासी उचलली, खाली लोखंडी स्टँड दिले. चाकं सुटून खाली लोंबली. हे मागच्या वेळी त्यानं केलं नव्हतं, आणि या चार दिवसांत शंभरदा मनात म्हटलं होतं की हेच चुकलं होतं. आता नीट बघत होता. पुढच्या डाव्या नळीच्या लांबीची सुतळी कापली, एक टोक वर चासीच्या जागी धरलं, दुसरं खाली सोडलं. नळी आत्ता लागते तिथून आणखी तीन इंच खाली, चाकाच्या आतल्या अंगाला, खडूची खूण केलेली होती. सुतळी खुणेला पोचली. वर अर्धं बोट उरली.

"पुरते!" भिंगरी जीपखालून ओरडला. अंगातली चार दिवसांची वाफ त्या एका शब्दातून निघाली. त्यानं हात बाहेर काढला. "अक्का, पाना दे. सतरा-एकोणीस."

अक्कानं पाना पुढं केला.

"स्टेअरिंग फिरवलंस का?" दाजी म्हणाले.

"काय?"

"चाकं सरळ आहेत. उजवीकडे पूर्ण फिरव. मग बघ."

बोलण्यात थट्टा नव्हती. भिंगरी बाहेर आला, खिडकीतून हात घालून स्टेअरिंग शेवटापर्यंत फिरवलं, पुन्हा खाली सरकला. चाक वळल्याबरोबर नळीचं खालचं टोक पुढं आणि बाहेर गेलं होतं. त्यानं सुतळी ताणली. खुणेपासून दोन बोटं अलीकडेच ती संपली.

त्यानं सुतळी पुन्हा एकदा ताणून बघितली. मग भिंगरीचा आवाज आला, फार हळू.

"दाजी, तुम्हाला कसं ठाऊक?"

"मी बसलो होतो ना त्या गाडीत," दाजी म्हणाले. "वळणच तसं होतं. स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे, आणि डावं चाक खड्ड्यात उतरलेलं. फट् झालं. पुढचं तुला माहीतच आहे."

भिंगरी बाहेर आला. कोपरापर्यंत काळा. "दोन वर्षं झाली. बोलला नाहीत कधी?"

"तू विचारलं नाहीस."

"कुठल्या तोंडानं विचारणार होतो?"

"आणि मी कुठल्या तोंडानं सांगणार? तू माझ्याशी बोलताना काठीकडे बघतोस. त्यात आणखी कशाला भर, म्हटलं."

अक्कानं पाना बाकावर आपटला. बाकावरची चहाची कपबशी उडाली.

"शाबास! म्हणजे हा लाजत बसला, हे दया करत बसले, आणि उद्या त्या गाडीत कोण बसणार होतं? मी! सहा माणसं पाठीशी घेऊन! दोन वर्षं एका बाकावर बसून चहा पिताय रे, एक वाक्य नाही फुटलं तोंडातून?"

दोघंही शाळेतल्या पोरांसारखे खाली बघत उभे राहिले. दाजी तर काठी टेकायचीही विसरले होते.

पुढच्या दोन लांब नळ्या हव्या होत्या. भिंगरीनं दुकानात फोन लावला. मंगळवारी येतील. दुसऱ्या दुकानात लावला. मंगळवार. तिसऱ्यानं तर बुधवार सांगितला. त्यानं फोन ठेवला आणि गॅरेजात येरझाऱ्या सुरू केल्या. दारापासून जीपपर्यंत नऊ पावलं, परत नऊ. डोकं एकच गोष्ट कानात सांगत होतं: आज लाव. संध्याकाळी होईल. अक्काला सांग, नाल्यात स्टेअरिंग पूर्ण फिरवू नकोस. नळ्या आल्या की बदलू. चारच दिवसांचा प्रश्न. आणि नाही लावलं तर उद्या सहा माणसं मशीनला मुकणार. एक पाळी चुकली की छातीत पाणी भरतं, हे त्यांनीच त्याला सांगितलेलं.

पण धोंड्यांत कोण स्टेअरिंग मोजून फिरवतं?

दुपारी वस्तीतली माणसं जमायला लागली. उंच झालेली जीप बघायला आलेली. हेडमास्तर खुर्ची घेऊनच आले होते. जीप मात्र होती तेवढीच, अंगभर खडूचे आकडे घेऊन.

भिंगरी दारात उभा राहिला. त्यानं आयुष्यात कधी गिऱ्हाइकाला न सांगितलेलं वाक्य सांगितलं.

"गाडी उद्या जाणार नाही. पुढच्या नळ्या तोकड्या आहेत. मंगळवारी येतील, मंगळवारी लावीन."

"चार दिवस खडूनं रेघोट्या मारल्यास," मागून कुणीतरी म्हणालं, "आणि आता नाही? एका दिवसात करणारा भिंगरी तो हाच का?"

भिंगरीच्या कानशिलावरची शीर ताडताड उडायला लागली. एरवी तो त्या माणसाच्या गळपट्टीपर्यंत पोचला असता. त्यानं दाजींकडे बघितलं. काठीकडे नाही, तोंडाकडे.

"हो, हाच," तो म्हणाला. "एका दिवसात केलेलं काम त्या बाकावर बसलंय. विचारा त्यांना."

कुणी विचारलं नाही.

हेडमास्तरांनी घसा खाकरला. "ते ठीक. पण आमचं काय?"

"उचलून नेणार. खुर्चीवरून. नाला ओलांडून पलीकडच्या डांबरापर्यंत. पहिली खुर्ची मी धरतो."

"आणि डांबरावर गाडी?" शिंपीणबाईंनी विचारलं.

अक्कानं फोन कधीच कानाला लावला होता. "ओ साहेब, तुमची पांढरी गाडी डांबरावर तरी चालते ना? मग उद्या आठ वाजता नाल्याकाठी लावा. नाहीतर परवापासून मी पायरीवर. आणि या खेपेला एकटी नाही येणार."

पांढरी गाडी दुसऱ्या दिवशी साडेसातलाच येऊन उभी राहिली.

शनिवारी खाणीवरची सात माणसं आली, भिंगरी आठवा; दोन खुर्च्या, प्रत्येक खुर्चीला चार, तीन फेऱ्या. ज्यानं टोमणा मारला होता तोही आला आणि भिंगरीच्या जोडीला खुर्चीचा पुढचा पाय धरून उभा राहिला. जाताना जमलं. येताना मात्र हेडमास्तरांची मान खुर्चीच्या पाठीवर डुलत होती, ओठ पांढरे पडले होते. नाल्याच्या मधोमध एक धोंडा होता, त्याच्या अलीकडे खळगा. भिंगरी थबकला. वाट तिथूनच उजवीकडे वळत होती, अगदी काटकोनात. डावं चाक बरोबर त्या खळग्यात उतरलं असतं.

"काय रे," हेडमास्तर डोळे न उघडताच म्हणाले, "थांबलास?"

"काही नाही सर. माप बघतोय."

"माझ्या डोक्यावर उभा राहून?"

"चला, चला," भिंगरी म्हणाला आणि खुर्ची उचलली. सगळ्यांना घरी पोचवल्यावर तो टेप घेऊन पुन्हा नाल्यात गेला. खळगा नऊ इंच खोल निघाला.

मंगळवारी दहा वाजता नळ्या आल्या. अकरा वाजले तरी जीपखालून एकही नट सुटल्याचा आवाज येईना. अक्का गॅरेजभर फिरत होती, दारापासून जीपपर्यंत, जीपपासून दारापर्यंत.

"अरे, उद्या बुधवार आहे! किती मोजशील? खोल आता!"

"थांब. नवी नळी आधी धरून बघू दे. स्टेअरिंगवर माणूस हवाय."

"मी बसते."

"तू नको," भिंगरी जीपखालून म्हणाला. "दाजी बसतील."

दाजी बाकावर हलले नाहीत. दोन वर्षांत ते कुठल्याच गाडीच्या त्या बाजूला बसले नव्हते. अक्कानं जीपचं दार उघडलं. मग त्यांनी काठी बाकाला टेकवली, दाराला धरून पाय ओढत वर चढले आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले.

"उजवीकडे. पूर्ण."

चाक वळलं.

"आणखी."

"आणखी जात नाही. इथंच होतं ते, त्या दिवशीही."

खाली भिंगरीनं नवी नळी जुन्या जागी धरली आणि खालचं टोक खडूच्या खुणेवर नेलं. मग खुणेखाली बोटं लावली.

"किती उरली?" वरून दाजींनी विचारलं.

"दोन बोटं. जाड बोटं, माझी."

"मग कशाची वाट बघताय, मेव्हणे?"

अक्कानं पाना त्याच्या तळहातावर ठेवला. भिंगरीनं तो पहिल्या नटाला लावला आणि दात-ओठ खाऊन झटका द्यायला अंग आखडलं. त्याची गरज पडली नाही. आठवडाभर तेल प्यायलेला नट हू की चू न करता फिरला.